वॉलेस स्ट्रीट ते मंडाले

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार. फोर्टमधल्या एका विमा कंपनीच्या मरीन, म्हणजे सागरी विम्याच्या, खात्यात मला चौथं वर्ष लागलं होतं. जेवणाची सुट्टी संपता संपता टेलेक्सच्या खोलीतला मुलगा पळत आला आणि फाडलेली पट्टी साहेबांच्या टेबलावर ठेवून गेला. इराकचे रणगाडे कुवेतमध्ये घुसले होते. साहेबांनी पट्टी दोनदा वाचली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "कुवेतचा माल कोणाकोणाचा आहे बघा. सगळ्या ओपन कव्हरच्या फायली काढा." ओपन कव्हर म्हणजे एखाद्या व्यापाऱ्याच्या जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या मालाचा एकदाच केलेला विमा. आम्ही चौघं फायली काढायला उठलो. तिथे माणसं राहतात, आत्ता त्यांचं काय चाललं असेल, हा विचार मला संध्याकाळी चर्चगेटला गाडीत बसायला मिळाल्यावर आला. त्याची लाज अजून वाटते. हा लेख त्या लाजेपोटीच लिहितेय म्हटलं तरी चालेल.

मालाच्या नेहमीच्या पॉलिसीत युद्धाचं नुकसान धरलेलं नसतं. त्यासाठी जादा प्रीमियम भरून वॉर क्लॉज जोडून घ्यावा लागतो. तोही माल जहाजावर चढल्यापासून उतरेपर्यंतच चालतो. माल धक्क्यावर आला की युद्धापुरतं संरक्षण संपलं. हा नियम स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळातला, १९३७चा. विमानांतून बॉम्ब टाकून शहरंच्या शहरं बेचिराख करता येतात हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं आणि लंडनच्या विमेवाल्यांनी आपसात ठरवून टाकलं की जमिनीवरच्या युद्धाची जोखीम कोणीच घ्यायची नाही. जगातली सगळ्यात सावध, सगळ्यात हिशेबी माणसं ती. युद्धाचं खरं बिल कोणालाच परवडणार नाही हे त्यांनी लेखी मान्य केलंय, असं मी तेव्हापासून धरून चालते.

मशीद बंदरच्या एका व्यापाऱ्याचा बासमती जुलैच्या शेवटी कुवेतला उतरला होता. बंदराच्या शेडमध्ये पोती पडलेली, ताबा घ्यायचा राहिलेला. पुढे ती शेड लुटली गेली. क्लेम नामंजूर करण्याचं पत्र मी टाइप केलं. दोन महिन्यांनी ते गृहस्थ स्वतः आले. आवाज चढवला नाही. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, तांदूळ तोच, युद्ध तेच. जहाजात असता तर पैसे दिले असते, गोदामात होता म्हणून नाही. एवढंच ना?" मी हो म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत शेकडो क्लेम पाहिले, पण अजून आठवतो तो त्या माणसाचा "बरं".

मरीनमध्ये क्लेम तपासताना सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न असतो. नुकसानीचं जवळचं कारण कोणतं? प्रशिक्षणात आम्हाला 'इकारिया' जहाजाचा खटला शिकवला होता. जानेवारी १९१५मध्ये फ्रान्सच्या ल हाव्र बंदराजवळ जर्मन पाणबुडीने या जहाजाला टॉर्पेडो मारला. जहाज बुडालं नाही. ओढत ओढत बंदरात आणलं, धक्क्याला लावलं. मग वादळ सुटलं. हे इथेच बुडालं तर धक्का अडेल, म्हणून बंदराच्या अधिकाऱ्यांनी ते बाहेरच्या बांधाजवळ न्यायला लावलं. तिथे भरतीला तरंगायचं, ओहोटीला तळाला टेकायचं. असं करता करता त्याचा कणा मोडला आणि ते बुडालं. पॉलिसीत समुद्राची जोखीम होती, युद्धाची नव्हती. मग ते बुडालं कशाने, वादळाने की टॉर्पेडोने? १९१८मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की टॉर्पेडोने. वेळेच्या हिशेबाने जवळचं ते कारण धरायचं नाही, ज्याच्यात जोर आहे ते कारण धरायचं. आमचे शिकवणारे सर म्हणायचे, "शेवटचा धक्का कोणी दिला ते विचारू नका. जहाज कशाने मेलं ते विचारा."

मराठीत यासाठी दोन शब्द आधीपासून आहेत, निमित्त आणि कारण. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, पण फांदी आतून किडलेली असते हे आपल्याला ठाऊक असतं. युद्धांविषयी वाचताना मात्र आपण कावळ्याचंच नाव पाठ करतो. १९१४ म्हटलं की साराजेवो, आर्चड्यूक, दोन गोळ्या. शाळेत तेवढ्याला पाच मार्क मिळायचे.

कुवेतचंच बघा. कुवेत रुमैला तेलक्षेत्रातून आडवी विहीर खणून आमचं तेल चोरतंय, ही इराकची तक्रार होती. ते निमित्त. कारण शोधायला १९८० ते १९८८च्या इराण-इराक युद्धात जावं लागतं. आठ वर्षं लढून हाती काहीच लागलं नाही, अब्जावधी डॉलरचं कर्ज मात्र झालं आणि त्यातलं बरंचसं कुवेतचं होतं. तेलाचे भाव पडले. प्रचंड फौज उभी करून ठेवलेली, तिला घरी पाठवलं तर काम नाही आणि ठेवली तर पगार नाही. सद्दामने कर्ज माफ करायला सांगितलं, कुवेतने नकार दिला. आधीच्या युद्धाचं न भरलेलं बिल पुढच्या युद्धाचं कारण झालं. हे इतिहासात इतक्या वेळा सापडतं की आता कुठल्याही देशाच्या युद्धाविषयी वाचताना मी आधी त्याची उधारी बघते.

माझं ऑफिस होतं तिथून दोन गल्ल्या पलीकडे वॉलेस स्ट्रीट. जेवणाच्या सुट्टीत तिथून रोज जायचो. एका बाजूला झेरॉक्सवाले, रबर स्टॅम्प करून देणारे, फळांची प्लेट लावणारा. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा पत्ता याच गल्लीतला आणि गल्लीचं नाव ती कंपनी स्थापन करणाऱ्या वॉलेस बंधूंचं. ही पाटी मी वीस वर्षं वाचत होते. तिचा माझ्या गावाशी काही संबंध असेल हे मनातही आलं नव्हतं.

आमचं गाव रत्नागिरीजवळ. माझी आजी कोणी फार तोऱ्यात वागलं की म्हणायची, "थिबा राजा लागून गेलास काय?" थिबा पॅलेस सगळ्यांना माहीत असतो, सहली जातात तिथे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा रत्नागिरीत का येऊन पडला, हे आम्हाला कोणी धड सांगितलं नव्हतं. "इंग्रजांनी हरवला आणि आणून ठेवला," एवढंच.

झालं होतं ते असं. बॉम्बे बर्मा कंपनी थिबाच्या राज्यातल्या जंगलांतून सागवान तोडून नद्यांतून खाली रंगूनकडे सोडायची आणि दर ओंडक्यामागे दरबाराला पैसे द्यायची. १८८५मध्ये दरबाराने कंपनीवर ठपका ठेवला की ओंडके जास्त नेले आणि दाखवले कमी. दंड ठोठावला सुमारे २३ लाख रुपये. माझ्यासारखीला यात ओळखीचं काही दिसतं. माल किती चढला, किती दाखवला, फरक कोणी भरायचा, हे वाद आमच्या टेबलावर रोज यायचे आणि सर्व्हेअर पाठवून मिटायचे. लवादाची सूचना इंग्रजांनी केली होती, दरबाराने ती मानली नाही, हेही सांगायला हवं. पण लवाद नेमणार व्हाइसरॉय. दुसऱ्या पक्षाचा मालकच पंच नेमणार असेल तर मीही मानलं नसतं.

२२ ऑक्टोबर १८८५ला व्हाइसरॉय डफरिनने निर्वाणीचा खलिता पाठवला. दंडाची वसुली थांबवा, ही त्यातली एक अट. बाकीच्या अटी वाचल्या की ओंडके मागे पडतात. ब्रह्मदेशने परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने करावा. चीनकडे जाणाऱ्या व्यापाराला वाट करून द्यावी. त्याच वर्षी जानेवारीत ब्रह्मदेशने फ्रान्सशी करार केला होता आणि फ्रान्स तिथे रेल्वे आणि बँक काढणार अशी कुणकुण होती. रंगूनच्या व्यापाऱ्यांना वरचा मुलूख हवा होता. लंडनमध्ये भारतमंत्री होते लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल आणि नोव्हेंबरात तिकडे निवडणूक होती. एका खलित्यात एवढं सगळं मावलं. मुदत १० नोव्हेंबरची. फौजा इरावतीतून स्टीमरने वर गेल्या, २८ नोव्हेंबरला मंडालेला पोहोचल्या, दुसऱ्या दिवशी राजा ताब्यात. १ जानेवारी १८८६ला वरचा ब्रह्मदेश साम्राज्याला जोडल्याचं जाहीर झालं. पंधरा दिवसांचं युद्ध, असं पुस्तकांत असतं. मग तिथले लोक गावोगाव लढायला उठले आणि त्यांना दडपायला कित्येक वर्षं लागली, गावं जाळावी लागली. त्या वर्षांना कोणी युद्ध म्हटलं नाही.

थिबाला १८८६च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत आणलं. तो १९१६मध्ये तिथेच वारला. तीस वर्षांत पुन्हा आपला देश पाहिला नाही. त्याची एक नात रत्नागिरीतच गरिबीत जगली आणि मराठी आपल्यासारखंच बोलायची. आजीने तिला बाजारात पाहिलेलं असणार.

इकारियाच्या खटल्याचा कस लावला तर दंड हे वादळ होतं. टॉर्पेडो आधीच लागला होता, फ्रान्सची भीती आणि चीनच्या व्यापाराची हाव यांचा. हे कळल्यावर मी पुन्हा एकदा मुद्दाम वॉलेस स्ट्रीटवर गेले. पाटीखाली उभी राहिले. फळांची प्लेट लावणारा म्हणाला, "मॅडम, आज सुट्टी नाय का?"

मुंबईचं हे असं आहे. आपण स्वतःला युद्धापासून लांबचं शहर समजतो आणि आपलं शहर उभं राहिलंय लांबच्या युद्धांवर. माझा जन्म जे. जे. हॉस्पिटलमधला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून ते १८४५मध्ये उभं राहिलं. हजारो गरिबांचे प्राण तिथे वाचले, माझ्या आईचाही वाचला. जमशेटजींच्या संपत्तीतला मोठा भाग चीनच्या व्यापारातला, कापूस आणि अफू. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. १८३९च्या जूनमध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या वीस हजारांवर पेट्या हुमेनच्या किनाऱ्यावर चर खणून, मीठ आणि चुना घालून नष्ट केल्या आणि समुद्रात सोडल्या. त्याआधी समुद्र घाण केल्याबद्दल त्याने समुद्राच्या देवाची क्षमा मागितली. व्हिक्टोरिया राणीला त्याने पत्र लिहिलं होतं की तुमच्या देशात ज्याला बंदी आहे ते विष आमच्या देशात कसं विकता? उत्तर ब्रिटिश आरमाराने दिलं, तेच पहिलं अफूयुद्ध. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये या युद्धावर वाद झाला, तरुण खासदार ग्लॅडस्टनने त्याला अन्याय्य म्हटलं आणि सरकार अवघ्या ९ मतांनी वाचलं. नऊ माणसांचा फरक. २९ ऑगस्ट १८४२ला नानकिंगचा तह झाला तो 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर. ही नौका १८१३मध्ये आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली, सागवानात बांधलेली.

जे. जे.च्या दारातून जाताना मी हात जोडते आणि तेव्हा हेही आठवतं. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं फिटत नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तर मुंबईला वेडच लावलं होतं. दक्षिणेतला कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या, मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरचे भाव आभाळाला भिडले. ९ एप्रिल १८६५ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने शरणागती पत्करली. सहा लाखांहून जास्त माणसं मेल्यानंतर शांतता आली, आणि ती बातमी मुंबईत आपत्ती म्हणून पोहोचली. १ जुलैला वायद्यांचा हिशेब करायचा दिवस आला, पेढ्या बसल्या, घरं उद्ध्वस्त झाली. राजाबाई टॉवरला पैसे देणारे प्रेमचंद रायचंद त्यातच बुडाले. शांततेची बातमी ऐकून माणसं रडली, असं ज्या शहराच्या इतिहासात आहे, तिथल्या माणसाने युद्धखोर म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवताना थांबावं असं मला वाटतं.

मी "सगळी युद्धं वाईट" म्हणून हात झटकणाऱ्यांपैकी नाही. १९७१च्या डिसेंबरात मी आठ वर्षांची होते. गिरगावातली आमची चाळ. वडिलांनी खळ शिजवली आणि आम्ही भावंडांनी खिडकीच्या प्रत्येक काचेला काळा कागद चिकटवला. भोंगा झाला की दिवे बंद. गॅलरीत वॉर्डनची हाक यायची, "तिसऱ्या मजल्यावर उजेड दिसतोय!" आई स्टोच्या निळ्या ज्योतीवरही ताट आडवं धरायची. पलीकडच्या चाळीतल्या एका काकूंचा मुलगा आरमारात होता. ९ डिसेंबरला 'खुकरी' बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आपला मुलगा कुठल्या जहाजावर आहे हे काकूंना ठाऊक नव्हतं, तो सांगायचा नाही. बातमी कळल्यापासून त्या सकाळ-संध्याकाळ जिन्याच्या तळाशी येऊन बसायच्या, पोस्टमन दिसेल म्हणून. त्या काळात जिन्यावरून चढउतार करताना कोणी मोठ्याने बोलायचं नाही. मुलगा जानेवारीत घरी आला. त्याला बघून काकू उठल्याच नाहीत, तिथेच पायरीवर बसून त्याचा पाय धरून राहिल्या.

त्या युद्धाचं कारण मी मोठेपणी वाचलं. १९७०च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीगला देशभरात स्पष्ट बहुमत मिळालं आणि सत्ता द्यायची नाही म्हणून सभागृहाची बैठकच पुढे ढकलली गेली. २५ मार्चच्या रात्री लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. सुमारे १ कोटी माणसं जीव घेऊन भारतात आली. इंदिरा गांधी ऑक्टोबर-नोव्हेंबरात युरोप-अमेरिकेच्या दाराशी जाऊन आल्या. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले, पण आपली तयारी त्याच्या खूप आधीपासून चालली होती. मुक्तिवाहिनीला आपण शिकवत होतो, शस्त्रं देत होतो. त्यात आपला स्वार्थही होता. तरी मला ते युद्ध न्याय्य वाटतं. आणि त्याच युद्धात, ७ डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युद्ध थांबवा असा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी केला. १०४ देश एका बाजूला. म्हणून जगाचं मत मोजून न्याय ठरवावा असं मला म्हणता येत नाही. आपल्यालाच आतून खात्री आहे, एवढ्यावर ठरवावं असंही नाही, कारण खात्री डफरिनलाही असणार.

मग कशावरून ठरवायचं? महाभारतात कृष्ण शिष्टाईला जातो तेव्हा पाच गावांवर भागवायची तयारी असते. सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन देणार नाही, असं दुर्योधन म्हणतो. दुसरी वाट कुठवर उघडी होती आणि ती कोणी बंद केली, हे व्यासांनी नाव घेऊन लिहून ठेवलंय. मी प्रत्येक युद्धात ती जागा शोधते. १८८५मध्ये ती खलित्याच्या मुदतीत सापडते आणि १९७१मध्ये पुढे ढकललेल्या बैठकीत. कौटिल्य तर कोणी संत नव्हता, पण त्यानेही लिहिलंय की तह आणि युद्ध यांत सारखाच लाभ दिसत असेल तर तह करावा, कारण युद्धात क्षय आहे, खर्च आहे, घरापासून दूर राहणं आहे आणि पाप आहे. चौथं कारण त्याने लिहिलं नसतं तरी हिशेब जुळला असता. त्याने ते लिहिलं, याचं मला बरं वाटतं.

सुरुवात न्याय्य असली म्हणून पुढचं सगळं न्याय्य होत नाही, हेही महाभारतच सांगतं. नियम ठरवून युद्ध सुरू होतं आणि अठरा दिवसांत भीष्म, द्रोण, कर्ण, दुर्योधन, यांतला एकही नियमाने मरत नाही. १९७१चंही तसंच. युद्धगुन्ह्यांसाठी खटला चालवायचा म्हणून १९५ पाकिस्तानी कैदी वेगळे काढले होते. एप्रिल १९७४च्या करारात तेही परत गेले. पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली आणि तिन्ही देशांना मागचं मिटवून पुढे जायचं होतं. ढाक्यात ज्या बायकांवर अत्याचार झाले त्यांना त्या टेबलावर कोणी बोलावलं नव्हतं.

आपल्या घरचंही बोलायला हवं. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र मला फार प्रिय आहे. कुणब्यांकडून दाणा, गवत, भाजी जबरदस्तीने आणू नका, नाहीतर लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटलेली वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. राजा युद्धात असताना उंदराने ओढलेल्या वातीचा विचार करतो, शेतकऱ्याच्या दाण्याचा विचार करतो. हे पत्र मी मुलांना वाचून दाखवलंय.

आमच्या खात्यात एक बंगाली सहकारी होत्या. एकदा डबा खाताना त्या सहज म्हणाल्या की आमच्याकडे मुलांना झोपवताना बर्गी येतील असं गाण्यात सांगतात. बर्गी म्हणजे कोण, मी विचारलं. त्या जरा संकोचल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही लोक." बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४०च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी वर्षानुवर्षं बंगालवर जात राहिल्या. १७५१मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने वर्षाला १२ लाख कबूल केले तेव्हा ते थांबलं. आम्हाला शाळेत ते मराठ्यांचा विस्तार म्हणून होतं, नकाशात भगव्या रंगाने. त्या दिवशी माझा घास गिळवेना. कारण पुन्हा तेच होतं. स्वतःच्या मुलखात फौज पोसायला पैसा नाही, तो दुसऱ्याच्या मुलखातून आणायचा. चिपळूणच्या पत्रातलं कुणब्याचं दुःख आणि बंगालमधल्या कुणब्याचं दुःख यांत काय फरक आहे, हे मला सांगता येणार नाही.

अशोकाचंही असंच एक वाचलं तेव्हा चटका बसला होता. कलिंगात १ लाख मारले गेले, दीड लाख हलवले गेले, याचा पश्चात्ताप त्याने तेराव्या शिलालेखात कोरला. पण कलिंगातच, धौली आणि जौगड इथे, तो लेख कोरलेला नाही. ज्यांची क्षमा मागायची त्यांच्यासमोर ती मागितली नाही.

निवृत्त झाले २०२३मध्ये. त्याच वर्षअखेरीला तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. खात्यातल्या मुलींचे फोन यायचे, "मॅडम, रेट रोज बदलतायत." मी त्यांना म्हटलं, रेट लावा, पण त्या जहाजावर कोण आहे तेही एकदा वाचत जा. खलाशांत आपल्याकडचे आणि फिलिपिन्सचे पुष्कळ असतात.

हे सांगायचं कारण घरातलं आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात जहाजावर आगवाला होते, म्हणजे इंजिनच्या भट्टीत कोळसा टाकणारे. गावातले पुष्कळ पुरुष तेव्हा मुंबईला येऊन सारंगाच्या ओळखीने बोटीवर चढायचे. १९१७मध्ये त्यांची बोट बुडाली. भट्टीतली माणसं सगळ्यात खाली, वर यायला वेळच नसतो. साराजेवो कुठे आहे हे त्यांना माहीत नसणार. हिंदुस्थान युद्धात आहे हे १९१४मध्ये लंडनहून ठरलं. १९३९मध्येही व्हाइसरॉयने कोणालाच न विचारता तसंच जाहीर केलं, तेव्हा निदान मुंबईच्या गिरणी कामगारांनी २ ऑक्टोबरला संप करून आम्हाला हे युद्ध नको म्हणून सांगितलं. आजोबांच्या भावाला तेवढंही सांगायला मिळालं नाही. घरी एक कागद आला. तो पणजीने देव्हाऱ्यात ठेवला होता आणि पुढे वाळवीने खाल्ला.

मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं आहेत, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी जागा मिळाली नाही अशांची. गेल्या पावसाळ्यात मी तिथे गेले. वहीत नोंद करून आत सोडलं. नावं वाचायला दोन तास लागले, चष्मा सारखा पुसावा लागत होता. गावाकडच्या पद्धतीने नुसतं नाव आणि बापाचं नाव, आडनावं जवळपास नाहीतच. आमच्या माणसाच्या नावाचे तिघे सापडले. बापाचं नाव तिघांचं वेगळं.

तिथला रखवालदार मागे येऊन उभा राहिला. "मिळालं का तुमचं माणूस?"

"तिघं आहेत," मी म्हटलं.

गावी भावाला फोन लावला. पणजोबांचं नाव काय रे? त्यालाही नक्की सांगता येईना. घरात सगळे त्यांना दादाच म्हणत. तो म्हणाला, तलाठ्याकडे जुना फेरफार असेल, सोमवारी जाऊन बघतो. मी तिन्ही नावं वहीत उतरवून घेतली.